करप्शन म्हणजे काय?
(विहाराच्या वर्धापनदिनी मस्तगड, जालना येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



‘करप्शन’ हा शब्द आता आपल्या अडाणी म्हातारीलाही ठाऊक आहे. पण तो आला कुठून? मूळ लॅटिन ‘रुम्पेरे’, म्हणजे तोडणे, फोडणे. त्याआधी जोर देणारे ‘कॉर’ लागले आणि अर्थ झाला पार मोडून टाकणे, नासवणे. इंग्रजीत कुजलेल्या देहालाही हाच शब्द लागे. आजही कॉम्प्युटरची फाईल बिघडली की आपली पोरं म्हणतात, ‘करप्ट झाली.’ म्हणजे कीड आतली असते.

आपल्याकडचा ‘भ्रष्ट’ म्हणजे घसरलेला, पडलेला. पण या देशात तो शब्द कुणाला लावला? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सनातनी म्हणाले, तळे बाटले! शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून त्यांनी ते ‘शुद्ध’ केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी भ्रष्ट होते म्हणणाऱ्यांना स्वतःचे मन नासलेले दिसले नाही.

तथागतांनी ही गोष्ट उलटी करून दाखविली. वसल सुत्तात ते सांगतात, माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो. सिगालोवाद सुत्तात वाकड्या वाटेने जाण्याची चार कारणे दिली आहेत : छंद, द्वेष, मोह आणि भय. छंद म्हणजे ‘आपला माणूस आहे, घ्या सांभाळून’! लाचेचा पैसा न घेताही माणूस इथे घसरतो.

जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी आपल्या लेकरांना टेबलाखालून पैसे द्यावे लागतात, तेव्हा आम्ही चिडतो. चिडलेच पाहिजे. पण खुर्चीवर आपलाच माणूस असला तर आम्ही गप्प का बसतो? १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. आता देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावे लागले तर सात दिवसांत तक्रार करायची आहे.

पंचशीलात आम्ही रोज म्हणतो, न दिलेले घेणार नाही. मग सुरुवात घरापासून करू. विहाराच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब दरवर्षी याच भिंतीवर लागला पाहिजे. विचारणारा शत्रू नव्हे, तो विहाराचा राखणदार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!