परसांत आलेला कायोटी



दारीं आलेल्या मुक्या प्राण्याला घासभर अन्न घालावें, ही शिकवण आपणां बहुतेकांस लहानपणींच मिळालेली असते. गाईला घास, कावळ्याला बळि, मुंग्यांना चिमूटभर साखर, दारच्या कुत्र्याला शिळी भाकरी, हें सर्व आपण आईच्या व आजीच्या हातून होतांना पाहिलेलें असतें. या शिकवणीला एक मर्यादा घालून घ्यावी असें सांगण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असें मला कधीं वाटलें नव्हतें. परंतु तो आला आहे. दोन वर्षांपूर्वीं आगस्टपासून डिसेंबरपर्यंत मी शिकागोजवळच्या एका उपनगरांत माझ्या मुलीच्या घरीं राहिलों होतों. तेथें एका वन्य प्राण्याशीं माझी ओळख झाली. त्या ओळखींत चूक माझी होती. तिचा दंड मात्र बहुधा त्या प्राण्याला भोगावा लागला. आज पुष्कळ मराठी घरांतलें एखादें तरी मूल अमेरिकेंत आहे, आणि त्याच्याकडे चार महिने राहून येण्याचा योग आईबापांना येतो. म्हणून ही हकीकत सांगण्यासारखी आहे, असें मला वाटतें.

माझ्या मुलीचें घर ज्या गांवांत आहे, तें गांव शिकागोच्या पश्चिमेस आगगाडीनें तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील घरांना आपल्याकडल्यासारख्या उंच भिंती नाहींत. एकाची हिरवळ दुसऱ्याच्या हिरवळींत मिसळलेली असते. घरांच्या मागें एक ओढा, ओढ्याला लागून आगगाडीचे रूळ, आणि त्यापलीकडे गोल्फचें मैदान. आपल्या दृष्टीनें ही परसामागची पडीक जागा; जनावरांच्या दृष्टीनें तो हमरस्ता आहे, हें मला पुढें कळलें.

जेवावयास बसण्यापूर्वीं एक घास बाजूला काढून तो बाहेर ठेवावयाचा, हा माझा पन्नास वर्षांचा नेम. तो मीं तेथेंहि चालविला. परसांतल्या दगडी कट्ट्यावर कधीं वरणभाताचा घास, कधीं तूप लावलेली पोळी मी ठेवीत असें. पहिले कांहीं दिवस तेथें कावळे आले, खारी आल्या. मग एके दिवशीं संध्याकाळीं ओढ्याच्या बाजूनें एक जनावर आलें. प्रथम मला तो कोल्हाच वाटला. परंतु कोल्ह्याहून तो उंच होता. पाय लांब, कान मोठे व ताठ, रंग करडा व तांबूस, झुबकेदार शेपटी खालीं सोडलेली व तिचें टोंक काळें. त्यानें पोळी उचलली, माझ्याकडे एकवार पाहिलें आणि तो निघून गेला. मला धन्य वाटलें. दुसऱ्या दिवशीं मीं दोन पोळ्या ठेवल्या.

या प्राण्याचें नांव कायोटी. मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंत त्याला 'कोयोत्ल' म्हणत. त्यावरून स्पॅनिश व इंग्रजी भाषांत हें नांव आलें. कुळानें तो आपल्या कोल्ह्याचा व लांडग्याचा भाऊबंद असून आकारानें त्या दोहोंच्या मधला आहे. त्याचें वजन साधारणतः दहा ते अठरा किलो भरतें. दाट केसांमुळें तो असतो त्याहून मोठा दिसतो. पूर्वीं त्याचें वास्तव्य मुख्यतः अमेरिकेच्या मध्य व पश्चिम भागांतील माळरानांवर व वाळवंटांत होतें. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं लांडगा जवळ जवळ सर्व प्रदेशांतून नाहींसा केला, जंगलें तोडून शेतें व गांवें वसविलीं, आणि मोकळी झालेली ती जागा कायोटीनें घेतली. आज हवाई बेटें सोडलीं तर अमेरिकेच्या सर्व राज्यांत तो आहे. २००७ सालच्या एप्रिलमध्यें शिकागोच्या ऐन व्यापारी पेठेंत एक कायोटी दिवसाउजेडीं एका उपाहारगृहांत शिरला आणि शीतपेयांच्या थंड कपाटांत शांतपणें बसून राहिला. त्यानें कोणाला इजा केली नाहीं, व त्याला पकडून पुढें सोडून देण्यांत आलें.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. तीन आठवडे हा क्रम चालला. पहिल्यानें काळोख पडल्यावर येणारा तो पाहुणा पुढें उन्हें असतांनाच येऊं लागला. पहिल्यानें दार वाजलें कीं पळणारा, आतां दार वाजलें कीं कान टवकारून पुढें येऊं लागला. हा मला त्याचा विश्वास वाटला. आक्टोबरच्या एका दुपारीं माझी पांच वर्षांची नात परसांत पानांचा ढीग रचीत होती. तिच्या हातांत बिस्किट होतें. मी खिडकींतून पाहिलें, तों तो तिच्यापासून चार हातांवर उभा होता. तो गुरगुरत नव्हता. दांतहि विचकीत नव्हता. त्याची नजर फक्त बिस्किटावर होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यांत माझी मुलगी स्वयंपाकघरांतून एक पातेलें व डाव घेऊन बाहेर धांवली, ती दोन्हीं एकमेकांवर आपटीत व ओरडत त्याच्यावर चालून गेली, आणि तिनें मुलीला उचलून घेतलें. तो दहा पावलें मागें सरला व पुन्हां थांबला. तो ओढ्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत ती थांबली नाहीं.

रात्रीं ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही पोळी ठेवतां तें मला ठाऊक होतें. ती कावळ्यासाठीं असें मी समजत होतें. तुम्ही त्याला घास घातलात, पण माणूस दिसला कीं अन्न मिळतें हें त्याला शिकविलेंत. आतां तो दुसऱ्या कोणाच्या दारीं जाईल, आणि तेथें त्याच्यासाठीं सांपळा असेल." माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही गांवच्या कचेरींत गेलों. तेथल्या अधिकाऱ्यानें मला दोष दिला नाहीं. त्यानें शांतपणें जें सांगितलें, तें थोडक्यांत असें. कायोटी येऊं नये असें वाटत असेल, तर त्याला बोलावणारें जें जें परसांत आहे तें आधीं काढावें. कुत्र्यामांजराचें खाणें बाहेर ठेवूं नये. झाडाखालीं पडलेलीं फळें रोजच्या रोज उचलावीं. कचऱ्याचा डबा रात्रीं उघड्यावर न ठेवतां गाडी येण्याच्या दिवशीं सकाळीं बाहेर काढावा. पक्ष्यांसाठीं टांगलेले दाणेहि फार सांडूं देऊं नयेत. दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागें कायोटी येतो. मांजर घरांत ठेवावें. लहान कुत्रें एकटें परसांत सोडूं नये. फिरावयास नेतांना तें आंखूड दोरीनें हातीं धरावें.

आणि एवढें करूनहि तो समोर आला तर पाठ फिरवून पळूं नये. पळणाऱ्याच्या मागें धांवणें हा श्वानकुळाचा स्वभावच आहे. त्याच्याकडे तोंड करून उभें राहावें, हात वर करून आपण मोठे दिसावें, मोठ्यानें ओरडावें, भांडें वाजवावें, शिट्टी फुंकावी, नळीनें पाण्याचा फवारा सोडावा, आणि तो पूर्ण निघून जाईपर्यंत हें थांबवूं नये. अर्ध्यावर सोडलें तर तो एवढेंच शिकतो कीं, थोडा वेळ कळ काढली म्हणजे माणूस गप्प बसतो. मात्र या नियमाला एक अपवाद आहे. वसंतऋतूंत व उन्हाळ्याच्या आरंभीं त्यांचीं पिलें बिळांत असतात. त्या काळांत एखादा कायोटी आपल्या मागून थोडें अंतर चालत आला, तर तो बहुधा आपणांस बिळापासून दूर पोंचवीत असतो. अशा वेळीं झगडा न करतां, पाठ न दाखवितां, शांतपणें निघून जावें हें उत्तम.

या माहितीनें कोणी घाबरून जाऊं नये. शिकागोच्या परिसरांत स्टॅन्ली गेर्ट या शास्त्रज्ञानें २००० सालापासून या प्राण्याचा अभ्यास चालविला आहे. कायोटींच्या गळ्यांत बिनतारी यंत्राचे पट्टे बांधून ते रात्रंदिवस कोठें जातात हें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाहिलें. त्यांच्या विष्ठेचे १४०० हून अधिक नमुने तपासले, तेव्हां उंदीर, घुशी यांसारखे लहान प्राणी सुमारें ४२ टक्के नमुन्यांत, फळें २३ टक्क्यांत, हरीण २२ टक्क्यांत व ससे १८ टक्क्यांत आढळले. पाळीव मांजरांचा अंश शेंकडा एकाच्या आसपास निघाला. शहरांत राहूनहि हा प्राणी बहुतांशीं स्वतःच्या कष्टाचें खातो. गोल्फच्या मैदानांवर उच्छाद मांडणाऱ्या रानहंसांचीं अंडीं खाऊन तो त्यांची वाढहि आटोक्यांत ठेवतो. नरमादीची जोडी जन्मभर एकत्र राहते, व पिलांना वाढविण्यांत नर बरोबरीनें झिजतो.

उत्तर अमेरिकेंत कायोटीच्या हल्ल्यांत माणसें दगावल्याच्या दोनच घटना निश्चितपणें नोंदलेल्या आहेत. १९८१ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्लेनडेल येथें तीन वर्षांची एक मुलगी, आणि २००९ सालीं कॅनडांतील केप ब्रेटन येथें एकोणीस वर्षांची एक तरुणी मृत्यु पावली. त्याच देशांत घरचीं कुत्रीं दरवर्षीं लाखों लोकांना चावतात. परंतु संख्या थोडी म्हणून दुःख थोडें असें होत नाहीं. माझी नात त्याच्यापासून चार हातांवर उभी असलेली मीं पाहिली आहे. त्या क्षणीं कोणतेंहि कोष्टक माझ्या कामाचें नव्हतें. कायोटीनें माणसाला चावल्याचे जे प्रसंग घडतात, त्यांतील पुष्कळ ठिकाणीं त्याआधीं कोणीतरी त्याला खाऊं घातलेलें असतें, हें मात्र अभ्यासकांना वारंवार दिसून आलें आहे.

तर मग सर्व कायोटी मारून कां टाकूं नयेत? हा प्रश्न शेजारच्या एका गृहस्थांनीं मला विचारला होता. याचें उत्तर इतिहासच देतो. १९३१ सालीं कायदा करून अमेरिकेच्या सरकारनें उपद्रवी पशूंच्या संहाराचें काम हातीं घेतलें. सांपळे, बंदुका व विष यांनीं लक्षावधि कायोटी मेले. विषानें इतर प्राण्यांचीहि हानि होऊं लागल्यामुळें १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन यांनीं सरकारी जमिनींवर तें वापरण्यास मनाई केली; पुढें ती मनाई सैल झाली. इतकें होऊनहि कायोटी कमी झाला नाहीं. उलट पूर्वीं जेथें नव्हता तेथें पोंचला. एका जोडीची हद्द मोकळी झाली, कीं जागेच्या शोधांत भटकणारा दुसरा तरुण कायोटी ती धरतो. माणसाला धिटाईनें भिडणारा एखादा प्राणी मारावा लागतो, हें खरें. परंतु आपलें परस तसेंच ठेवून प्राणी मारीत राहणें म्हणजे छपराचें भोंक न बुजवितां घरांतलें पाणी उपसणें होय.

आम्ही कट्टा धुऊन काढला. माझा घास त्या दिवसापासून ताटांतच राहूं लागला. पुढें तो पांच-सात वेळां आला. दर वेळीं मीच पातेलें घेऊन बाहेर गेलों. ज्याला कालपर्यंत मी पोळी दिली त्याच्यावर ओरडतांना माझा कंठ दाटून येई. तो थोडा वेळ माझ्याकडे पाही. त्याला तें कोडें उलगडत नसावें. मग त्याचें येणें थांबलें. नोव्हेंबरांत दोन रस्ते पलीकडे, भरदिवसा मुलांच्या मागें जाणारा एक कायोटी सांपळ्यांत धरून मारल्याचें कळलें. तो माझाच पाहुणा होता कीं दुसरा कोणी, हें मला कधींच कळणार नाहीं. डिसेंबरांत परत येतांना विमानांतहि तो प्रश्न माझी सोबत करीत होता.

हा धडा केवळ परदेशापुरता नाहीं. मुंबईस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला लाखों लोकांची वस्ती आहे, आणि तेथें बिबटे वस्तीच्या कांठानें फिरतात. उघड्यावर पडलेल्या कचऱ्यावर कुत्रीं पोसतात, व कुत्र्यांच्या मागें बिबट्या येतो. जुन्नर भागांत पकडलेले बिबटे या शतकाच्या आरंभीं दूर नेऊन सोडण्यांत आले, तेव्हां माणसांवरील हल्ले थांबण्याऐवजीं वाढले, असें विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसून आलें. कायोटी आणि बिबट्या यांच्या ताकदींत फार अंतर आहे. परंतु दोघांनाहि आपल्या दाराशीं आणणारी वाट आपणच तयार करतों, ही गोष्ट दोन्हीं ठिकाणीं सारखीच आहे.

भूतदया सोडावी असें मी म्हणत नाहीं. पाळलेल्या प्राण्यावर दया करणें म्हणजे त्याला जवळ घेणें. पण रानच्या प्राण्यावर दया करावयाची तर त्याला दूर ठेवावें लागतें, आणि त्याचें आपल्याबद्दलचें भय त्याच्यापाशीं शाबूत राहूं द्यावें लागतें. तें भयच त्याचें संरक्षण करीत असतें. तें मीं तीन आठवड्यांत, दोन दोन पोळ्या देऊन, हिरावून घेतलें. आपल्यापैकीं कोणी मुलाबाळांकडे तिकडे जाणार असेल, आणि संध्याकाळीं परसाच्या कडेला ताठ कानांचा तो पाहुणा उभा दिसेल, तर त्यानें हातांतली पोळी आंत ठेवावी, आणि पातेलें घेऊन बाहेर यावें, एवढीच माझी विनंति आहे.