सायलेज म्हणजे काय?



दुभत्या जनावरांची गोष्ट निघाली, की 'सायलेज' हा शब्द हमखास कानी पडतो. शब्द इंग्रजी खरा. पण त्याचा माग काढीत गेलो, तर आपण आपल्याच पेवाच्या तोंडाशी येऊन उभे राहतो. कसे ते पाहा.

फ्रेंच भाषेत 'आंसिलाज' म्हणजे सायलोत भरून ठेवणे. इंग्रजांनी तो शब्द घेतला आणि १८८० नंतरच्या दहा वर्षांत त्याचे डोके छाटून 'सायलेज' केले. 'सायलो' मूळचा स्पॅनिश 'सिलो'. म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. ग्रीक लोक अशा खड्ड्याला 'सिरोस' म्हणत. त्यावरूनच सिलो आला असे पुष्कळ कोशकार मानतात, काही मानीत नाहीत. अर्थाबद्दल मात्र वाद नाही. सायलो म्हणजे पेव! सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती ना, तसेच.

मग धान्याच्या पेवात वैरण कशी शिरली? फ्रान्समधल्या ओग्युस्त गोफार या शेतकऱ्याने हिरवा मका कापून दाबून ठेवण्याचे प्रयोग केले आणि १८७७ साली त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही रीत दूरवर पसरली. पुढे फिनलंडच्या विर्तानेन यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः हिरवी वैरण टिकविण्याच्या पद्धतीबद्दल!

मराठीने याला नाव दिले 'मुरघास'. मुरलेला घास! लोणचे मुरते तसाच हा मुरतो. कुट्टी तुडवून आतली हवा काढली, वरून कागद घट्ट झाकला, की वैरणीतल्या साखरेचे आंबट आम्ल होते आणि तेच तिला नासू देत नाही. दीडएक महिन्यात मुरघास तयार होतो. हवा राहिली, तर मात्र बुरशी धरते. असला घास जनावराला घालू नये.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. दोन हजार वर्षांपूर्वी व्हॅरो या रोमन पंडिताने लिहून ठेवले आहे, की पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, माणसे गुदमरतात. आपले वाडवडीलही हेच सांगत. मुरघासाच्या खोल खड्ड्यालाही तोच नियम. आत विषारी वायू साठतो, तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. पण दिवा तेवला म्हणून भिस्त ठेवू नका. तोंड उघडून वारा खेळू द्या, आणि एकट्याने कधीही उतरू नका. आत कोणी पडला, तर त्याच्यामागे उडी घालू नका. असाच दुसरा जीवही जातो.

गुरुजी, वर्गात हा शब्द निघाला, तर अर्थाबरोबर एवढी सूचनाही मुलांना द्या. घरी मुरघासाचा खड्डा असेल, तर ती उपयोगी पडेल.