पोट स्वतःला का पचवीत नाही?

(आरोग्य शिबिराच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा शिक्षक आहे. आठवीच्या वर्गात पचनसंस्था शिकवीत असताना एका मुलीने मला विचारले होते, "सर, जठरातलं आम्ल मटण पचवतं. जठरसुद्धा मांसाचंच आहे. मग ते स्वतःला का पचवत नाही?" त्या दिवशी "आतून चिकट थर असतो" एवढे सांगून मी धडा पुढे नेला. पुरते उत्तर मी शोधले ते घरावर प्रसंग ओढवल्यानंतर. तो प्रसंग आधी सांगतो.

माझ्या मायने आयुष्यभर रोजमजुरी केली. कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी. उतारवयात तिचे गुडघे धरले. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, आराम पडला. पुढे तीच गोळी मी मेडिकलमधून आणीत राहिलो. दहा दिवसांची गोळी दोन वर्षे चालली. एके दिवशी सकाळी ती भोवळ येऊन पडली. चार दिवसांपासून शौचास डांबरासारखे काळे होत होते, पण तिने कोणाला सांगितले नव्हते. दुर्बिणीने तपासले तेव्हा जठरात व्रण आणि त्यातून रक्तस्राव आढळला. रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. माय वाचली. "पोट तं कधी दुखलंच नाही," ती डॉक्टरांना म्हणाली, "मंग गोळी कायले बंद करू?"

घरात सगळ्यांनी दोष दिला तो तिच्या ताटातल्या ठेच्याला. मीही दिला. डॉक्टरांनी मात्र विचारले, "गोळ्या कोण आणून देतं?" उत्तर द्यायला मला वेळ लागला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या जठरात दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन असते. पदार्थ किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे 'सामू' या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क, आणि प्रत्येक अंकागणिक दहापटीचा फरक. जठररसाचा सामू १ ते २ असतो. दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारच्या सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास मोजला गेलेला आहे, कारण त्यात सोड्याचे क्षार आहेत. त्यांतलाच एक, बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातला क्षार, जठराच्या अस्तराला वाचवितो.

हे संरक्षण एकामागे एक अशा ओळींचे आहे. पहिली ओळ म्हणजे श्लेष्म्याचा, बुळबुळीत पदार्थाचा, पातळ थर. अस्तराच्या पेशी या थरात सतत बायकार्बोनेट सोडतात. वरून झिरपणारे आम्ल थरातच निष्प्रभ होते. त्यामुळे थराच्या वर सामू २ असला तरी खाली पेशींजवळ तो जवळजवळ ७ राहतो. एवढ्या पातळ थरात हा लाखपटीचा फरक टिकविला जातो.

दुसरी ओळ म्हणजे स्वतः पेशी. त्या एकमेकींना घट्ट चिकटून असतात. एखादी गळाली तर शेजारच्या पेशी सरकून ती जागा थोड्याच वेळात झाकतात, आणि काही दिवसांत वरचे अस्तर नवे होते. तिसरी ओळ रक्तप्रवाहाची. आत शिरलेले थोडे आम्ल रक्त वाहून नेते आणि पेशींना प्राणवायू व बायकार्बोनेट पोहोचविते. येथे एक नवल आहे. जी पेशी जठरात आम्ल सोडते, तीच त्या वेळी दुसऱ्या बाजूने रक्तात बायकार्बोनेट सोडते. हल्ला आणि बचाव यांची तयारी एकाच ठिकाणी होते.

जठरापुढचा लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे आद्यांत्र. जठरातून येणारे आम्ल प्रथम त्याच्यावर पडते. म्हणून तेथे अस्तराच्या बायकार्बोनेटला स्वादुपिंडाच्या अल्कधर्मी रसाची जोड मिळते.

या सगळ्या पहाऱ्याला जागे ठेवणारी काही द्रव्ये शरीर स्वतः तयार करते. त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. ती श्लेष्मा वाढवितात, बायकार्बोनेट वाढवितात, रक्तप्रवाह राखतात. याच गटातील द्रव्ये सांध्यात सूज आणि दुखणेही वाढवितात. १९७१ साली इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधेही असेच काम करतात. गोळी गुडघ्याचे दुखणे थांबविते, त्याच वेळी पोटातला पहारा ढिला करते.

यावरून दोन गैरसमज दूर व्हावेत. गोळी जेवणानंतर घेतली की धोका टळला, असे नाही; जळजळ कमी होते, पण औषध रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत पोहोचतेच. सुईचेही तसेच. "गोळी नको, सुई द्या" म्हटल्याने पोट सुटत नाही.

मग ठेच्याचे काय? १९८४ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी आद्यांत्राच्या व्रणाचे रुग्ण घेऊन दोन गट केले. औषध दोघांनाही सारखेच दिले. एका गटाच्या जेवणात रोज तीन ग्रॅम लाल तिखट जास्त घातले. व्रण दोन्ही गटांत सारखेच भरून आले. तिखटाने काहींना जळजळ होते आणि त्यांनी ते कमी करावे, हे खरे. परंतु व्रणाचे मूळ बहुधा दुसरीकडे असते.

एक मूळ म्हणजे वेदनाशामक गोळ्या. दुसरे म्हणजे एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो वेगळा करून वाढविला. लोक मानीनात, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखविली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू श्लेष्म्याच्या थरातच घर करतो आणि थर दुबळा करतो. तो बहुधा लहानपणीच, दाटीवाटीच्या वस्तीत आणि अस्वच्छतेत शरीरात शिरतो. पण दहा-चौदा दिवसांच्या प्रतिजैविकांच्या उपचाराने तो घालविता येतो. पूर्वी ज्या दुखण्यापायी माणसे वर्षानुवर्षे दुधावर राहिली, ते आज बरे होते. विडी-सिगारेट मात्र व्रण भरू देत नाही, आणि दारू अस्तराला थेट इजा करते.

शेवटी आपल्या संस्थेच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना विनंती करतो. घरी जाऊन आजीची, मायची औषधांची पिशवी उघडा. कोणती गोळी किती दिवसांपासून चालू आहे ते वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. साठीच्या पुढचे, पूर्वी व्रण झालेले, आणि दोन वेदनाशामके एकत्र घेणारे यांना धोका अधिक असतो. हृदयरोगासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. काळी शौच, रक्ताची उलटी, अचानक भोवळ यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. पोट दुखत नाही म्हणून थांबू नका. गोळी ते दुखणेही झाकून टाकू शकते.

त्या मुलीने विचारलेला प्रश्न मी तेव्हाच पुरता शोधला असता, तर माझ्या मायच्या हातात ती गोळी देताना मी थांबलो असतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न विचारा, आणि शिक्षकाचे उत्तर अपुरे वाटले तर पुन्हा विचारा.