चाकाची थरथर



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण मनांतल्या मनांत हसले असतील. डोंगरदऱ्यांतून, नदीच्या पात्रांतून आणि चिखलांतून चालणाऱ्या मोटारगाडीच्या स्टिअरिंगला जोडलेली एक हातभर लांबीची नळी. तिचें नांव डँपर. ती जुनी झाल्यास नवी कशी निवडावी आणि कशी बसवावी, हा कांहीं साहित्याचा किंवा तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हे. परंतु अशा गाडींतून मुलाबाळांना घेऊन सह्याद्रीचे घाट चढणारीं-उतरणारीं कुटुंबें आतां शहरोशहरीं आहेत, आणि ही लहानशी नळी चुकीच्या समजुतीनें बदलली तर प्रसंग प्राणावर बेतूं शकतो. म्हणून हा विषय मीं हातीं घेतला आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. शाळेंत शिकवितांना मी मुलांना बादलीभर पाण्यांत हात घालावयास सांगत असें. हात सावकाश फिरविला तर पाणी जवळजवळ विरोध करीत नाहीं. तोच झटक्यानें फिरविला तर चांगलाच अडथळा होतो. डँपरचें सारें तत्त्व एवढ्यांत आलें. पोलादी नळींत तेल भरलेलें असतें. त्यांत एक दट्ट्या मागेंपुढें सरकतो आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेलाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जावें लागतें. चालकानें स्टिअरिंग शांतपणें वळविलें तर तेल वाट देतें. पण चाक दगडावर आदळून हिसडलें, तर तेंच तेल वाट अडवितें आणि त्या हिसड्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें नळींत जिरून जाते. नळीचें एक टोक अ‍ॅक्सलला किंवा गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरें टोक चाकें वळविणाऱ्या दांड्याला, म्हणजे बहुधा टाय रॉडला, जोडलेलें असतें.

चाकांची ही थरथर आजची नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत मोटारींना कमी हवेचे, फुगीर टायर लागूं लागले आणि पुष्कळ गाड्यांचीं पुढचीं चाकें ठराविक वेगाला डावी-उजवीकडे थडथडूं लागलीं. त्या सुमारास गाजत असलेल्या, अंग थरथरविणाऱ्या ‘शिमी’ नांवाच्या नाचावरून इंग्रजींत या विकारालाहि तेंच नांव पडलें. दोन्ही चाकें एकाच अखंड अ‍ॅक्सलला बांधलेलीं असल्यामुळें एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोंचतो, हें त्याचें एक मुख्य कारण. १९३४ पासून अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांनीं पुढचीं चाकें स्वतंत्रपणें टांगण्यास आरंभ केला, आणि साध्या मोटारींतून हा विकार हळूहळू बहुतेक गेला. आडवाटेच्या कांहीं गाड्यांत मात्र अखंड अ‍ॅक्सल टिकून राहिला. कारण तो दणकट असतो, आणि एक चाक खडकावर चढलें तर दुसरें जमिनीवर दाबून धरतो. जीप रँगलर, सुझुकीची जिम्नी, २०१६ पर्यंत निघत असलेली जुन्या घडणीची लँड रोव्हर डिफेंडर या गाड्या याच जातीच्या, म्हणून त्यांना डँपर असतो. नाशिकला तयार झालेली २०२० सालची थार पुढून स्वतंत्र चाकांची आहे. तिच्या धन्यांनीं हें भाषण माहितीदाखल ऐकावें.

आतां मुख्य मुद्दा. डँपर हा थरथर शोषून घेणारा आहे. तिचें मूळ नाहींसें करणारा नव्हे. वर्गांत गलबला झाला म्हणून दार लावून घेतलें, तर शेजारच्या वर्गाला त्रास होत नाहीं. आंतला गलबला मात्र तसाच राहतो.

या बाबतींत अमेरिकेंतील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. तेथें नव्या घडणीची रँगलर २०१८ च्या सुमारास बाजारांत आली. महामार्गावर खड्डा लागला कीं स्टिअरिंग जोरानें थरथरतें, अशा कांहीं मालकांच्या तक्रारी आल्या. २०१९ सालीं कंपनीनें या गाड्यांना नवा डँपर विनामूल्य बसवून देण्याचें जाहीर केलें. थंडी वाढली कीं पहिल्या डँपरच्या तेलांत बुडबुडे होतात आणि त्याचा जोर कमी पडतो, असें कंपनीचें सांगणें होतें. तरीहि कांहीं मालक न्यायालयांत गेले. नवा डँपर दोष झांकतो, दूर करीत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तो दावा पुढें तडजोडीनें मिटला. हीच रँगलर २०२१ सालापासून आपल्या पुण्याजवळ रांजणगांवला जुळविली जाऊं लागली, म्हणून ही हकीकत आपणांस परकी नाहीं. डँपर स्वतःच बिघडूं शकतो हें खरें; परंतु तो बदलून थरथर थांबली म्हणजे दोष गेलाच, असें समजूं नये.

माझा एक जुना विद्यार्थी नाशकास असतो. त्यानें आपल्या गाडीला मोठे टायर घातले आणि तिची उंची दोन इंचांनीं वाढविली. पुढें ताशीं सत्तर किलोमीटरच्या सुमारास पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली कीं स्टिअरिंग हातांत राहीना. “सर, एकाच्या जागीं दोन डँपर बसवितों, म्हणजे झालें,” असें तो मला फोनवर म्हणाला. “बसव बाबा, पण आधीं पुढचा भाग खालून नीट तपासून घे,” एवढेंच मीं सांगितलें. मेस्त्रीनें पाहिलें, तेव्हां अ‍ॅक्सलला आडवें सरकूं न देणारा जो ट्रॅक बार नांवाचा दांडा असतो, त्याच्या बोल्टाचें भोंक झिजून लांबट झालेलें आढळलें. तेथील कंस बदलला, टायर तोलून घेतले आणि थरथर गेली. जुना डँपरहि तेलानें माखला होता. त्याच्या जागीं मग एकच नवा घातला. तें झिजलेलें भोंक तसेंच ठेवून आणि वर दोन डँपर चढवून तो कसारा घाट उतरला असता तर काय झालें असतें, याचा विचार करवत नाहीं. त्या गाडींत त्याचीं दोन मुलें बसतात.

तेव्हां आधीं तपासणी. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक लावावा व चाकांना ठोकळे द्यावे. एकानें आंत बसून इंजिन चालूं ठेवून स्टिअरिंग थोडें थोडें डावी-उजवीकडे हलवावें. दुसऱ्यानें बाहेरून वांकून, हात दूर ठेवून, एकेका सांध्याकडे पाहावें. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला भाग मागाहून हलतो, असें जेथें दिसेल तेथें झीज आहे. ट्रॅक बारचे बुश व बोल्ट, टाय रॉडचीं टोकें, बॉल जॉइंट आणि चाकांचे बेअरिंग हीं मुख्य ठिकाणें. बॉल जॉइंट आणि बेअरिंग मात्र चाक उचलून हलवून पाहावे लागतात, तें काम मेस्त्रीकडून करून घ्यावें. टायरची हवा, त्यांची झीज आणि तोल पाहावा. कॅस्टरहि मोजून घ्यावा. सायकलचा पुढचा दांडा जसा किंचित् मागें कललेला असतो, तसा मोटारीच्या चाकाचा वळण्याचा आंस कललेला असतो. त्या कलाला कॅस्टर म्हणतात, आणि त्यामुळेंच चाक आपण होऊन सरळ राहूं पाहतें. गाडी उंच केली कीं हा कल बहुधा कमी होतो.

हें सारें ठीक असेल, तर डँपर सोडवून हातानें दाबून व ओढून पाहावा. विरोध दोन्हीकडे सारखा आणि अखंड लागला पाहिजे. मध्येंच हात पोकळींत गेल्यासारखा सुटला, दांडा वांकलेला दिसला किंवा नळीवरून तेल ओघळत असलें, तर त्याचें आयुष्य संपलें असें समजावें.

नवा घेतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली लांबी. जुन्या डँपरची पूर्ण मिटलेली व पूर्ण उघडलेली लांबी मोजून घ्यावी. चाकें सरळ असतांना दट्ट्या साधारण मधोमध यावा, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळविल्यावरहि त्याला थोडी जागा उरावी. वळण्याची हद्द ठरविणें हें अ‍ॅक्सलवरील अडणीचें काम. तें डँपरवर पडलें तर तो मोडेल, नाहीं तर गाडी पुरती वळणार नाहीं. दुसरी गोष्ट जात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर दिसावयास असाच असतो, पण तो येथें चालत नाहीं. तो बहुधा उभ्यानें काम करण्यासाठीं केलेला असतो आणि दाबतांना व ताणतांना त्याचा विरोध निरनिराळा असतो. स्टिअरिंगचा डँपर आडवा असतो आणि त्याचा विरोध दोन्हीकडे सारखा लागतो. तिसरी गोष्ट वायु. कांहीं डँपरांत दाबाखालीं नायट्रोजन भरतात. त्यामुळें तेलाला फेंस कमी येतो, पण तो दाब दांड्याला सतत बाहेर ढकलतो आणि गाडी एका बाजूला ओढूं शकते. रोजच्या वापराला वायूचा दाब नसलेला, साधा तेलाचा डँपर बहुधा पुरतो. चौथी गोष्ट जोर. फार कडक डँपर किंवा डँपरांची जोडी घातली तर स्टिअरिंग जड होतें, वळणानंतर सरळ होण्यास आळसतें, आणि झीज लपून राहते. मूळचे टायर असतील तर मूळच्या जोराचाच डँपर घ्यावा. टायर फार मोठे असतील तरच थोडा अधिक जोराचा.

बसविण्याचें काम अवघड नाहीं. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल सोडावें. चाकें सरळ ठेवून, गाडीचा भार चाकांवरच असतांना काम करावें. कांहीं गाड्यांत डँपरचें टोक शंकूच्या आकाराच्या पिनेनें बसविलेलें असतें. तें पुलरनेंच सोडवावें, आट्यांवर हातोडा मारूं नये. नवा डँपर लावण्यापूर्वीं चार-पांच वेळां पुरता ओढून व दाबून घ्यावा. कोणतें टोक कोणीकडे तें सोबतच्या सूचनापत्रांत पाहावें. एकदां काढलेली कॉटर पिन किंवा घट्ट बसणारा नट पुन्हां न वापरतां नवा घ्यावा, आणि गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें आंवळावा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवून, डँपर ब्रेकच्या नळीला, टायरला किंवा डिफरन्शिअलच्या गोळ्याला कोठें घांसत नाहीं ना, हें पाहावें. पहिली फेरी ओळखीच्या रस्त्यावर आणि मंद गतीनें करावी. वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येतें कीं नाहीं तें पाहावें, आणि थोड्या प्रवासानंतर नट पुन्हां तपासावे.

शेवटीं एक सूचना. चालत्या गाडीला जोराची थरथर सुटलीच, तर गडबडून ब्रेक दाबूं नये. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनीं नेटानें पण झटापट न करतां धरावें, गति हळूहळू उतरूं द्यावी आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. त्यानंतर कारण सांपडेपर्यंत ती मोठ्या रस्त्यावर काढूं नये. घरच्या मंडळींनींहि हें ठाऊक करून घ्यावें. कारण ऐन वेळीं स्टिअरिंगवर कोण असेल तें सांगतां येत नाहीं.