स्वागताध्यक्षांचे भाषण

फुलझाडांच्या संकरणाचा ध्यास घेतलेल्या मित्रहो,

आमच्या पुण्याला झाडाफुलांचे वेड जुने आहे. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची, गणेशखिंडीची बाग १८७३ सालची. तिथल्या वुड्रोसाहेबांचे बागकामावरील पुस्तक एकेकाळी देशभर वाचले जाई.

पण आज आवर्जून स्मरण करायचे आहे ते आर. के. भिडे यांचे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हे वनस्पतिशास्त्रज्ञ. रानातली गवते गोळा करावीत, निरखावीत, नवी आढळली तर त्यांचे शास्त्रीय वर्णन करावे, हे त्यांचे काम. एका गवताला त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ गॅमीसाहेबांचे नाव दिले. पुढे सह्याद्रीतल्या गवतांच्या एका अख्ख्या प्रजातीलाच ‘भिडिया’ नाव मिळाले. एवढा मान मिळवणारा माणूस आज पुण्यालाच ठाऊक नसावा, याची मला फार खंत वाटते.

गवताचा इथे काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. रानात हिंडणाऱ्याने नोंद केली, तरच संकर करणाऱ्याच्या हाती नवे झाड येते. जॉर्ज वॅट यांनी १८८२ साली मणिपूरच्या डोंगरात ‘रोझा जायगँटिया’ हा रानगुलाब हेरला. कितीतरी दशकांनी कोडाईकनालच्या वीरराघवन यांनी त्याच्या संकरातून उष्ण हवेत तगणारे गुलाब घडवले. फ्रान्सच्या पेर्ने-दुशे यांनी ‘पर्शियन येलो’ या गुलाबापासून १९०० साली ‘सोलेई दॉर’ आणला. बागेतल्या गुलाबांत गडद पिवळा रंग आला, त्याबरोबर काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडणेही आले. त्याबद्दल तज्ज्ञ बोलतीलच.

आपल्या या मेळाव्याच्या व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. निवास एका ठिकाणी करता आला नाही, वाहनतळ अपुरा आहे, मागच्या रांगांपर्यंत आवाज नीट पोचत नाही. कार्यकर्ते रात्रभर राबले आहेत. रागवायचे तर माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको. मावळच्या गुलाब उत्पादकांनी सजावटीची फुले दिली, उरुळी कांचनच्या रोपवाटिकावाल्यांनी कुंड्या पाठवल्या, मार्केट यार्डातल्या अडत्यांनी दोन्ही वेळच्या जेवणाचा भार उचलला. नाव छापू नका, असे बजावून देणगी देणारेही आहेत. या सर्वांचा मी ऋणी आहे.

एकच विनंती करतो. आपल्या नव्या वाणाची नोंद कराल तेव्हा त्याच्या रानटी पालकाचे नाव, तो कुठल्या डोंगरावरचा आणि तो कुणी गोळा केला, हेही अवश्य लिहा.