घरचा संगणक : हौस आणि हिशेब



खेळासाठी संगणक हवा, असा मुलांचा हट्ट आज घरोघरी आहे. सुटे भाग घेऊन तो जुळवावा. पण निवड विचारपूर्वक व्हावी.

ग्राफिक्स कार्ड सहसा सर्वांत महाग. ते आज झेपत नसेल, तर २०२१ साली आलेल्या रायझन ५ ५६००जी या ६ कोअरच्या प्रोसेसरचा विचार करावा. चित्रांची सोय त्यातच आहे. ही सोय रॅमच वापरते; म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात. माहिती दोन वाटांनी वाहते, खेळ अधिक सुरळीत चालतो. कार्ड पुढे ऐपतीप्रमाणे बसवता येते.

पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको. माझ्या पुतण्याने तेथे हजार रुपये वाचविले. सप्लाय जळाला, सोबत मदरबोर्डही गेला. उधळपट्टी आणि कंजूषी, दोन्ही आपल्या धर्माने नापसंत केल्या आहेत. रंगीत दिव्यांची पेटी ही पहिली, निकृष्ट सप्लाय ही दुसरी.

मुलांनो, वडिलांपुढे हट्ट नव्हे, हिशेब मांडा. तोही अभ्यासच होय.