मथळ्याचा न्याय
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



चिटणीसांनी मला विषय दिला तो ‘वृत्तपत्रे व समाज’ असा. मिळालेल्या वेळात त्याला प्रदक्षिणासुद्धा पुरी होणार नाही. म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेतो. लहान आकाराची व मोठ्या मथळ्यांची जी पत्रे इंग्रजीत ‘टॅब्लॉइड’ म्हणून ओळखली जातात, त्यांच्या भाषेविषयी मी बोलणार आहे. हा शब्द मुळात औषधी गोळीचा. लंडनच्या एका औषधी कंपनीने १८८४ साली तो आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी नोंदविला आणि पुढे तो वृत्तपत्रांना चिकटला. गोळी करावयाची म्हणजे पुष्कळसे काढून टाकावे लागते. बातमीतून काय काढून टाकले जाते, हाच खरा प्रश्न आहे.

उदाहरण आपल्या मुंबईचेच घेतो. ज्येष्ठ मंडळींना नानावटी खटला आठवत असेल. तरुणांनी निदान २०१६ सालचा ‘रुस्तम’ चित्रपट पाहिला असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी आरमारातील कमांडर कावस नानावटी यांनी पत्नी सिल्व्हिया हिच्याकडून प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली ऐकली. त्यांनी पत्नीला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहात सोडले, रात्री मोटारीने एकट्याने अहमदनगरला जावयाचे आहे असे सांगून आरमाराकडून रिव्हॉल्व्हर घेतले आणि आहुजाच्या घरी जाऊन त्याला ठार केले. नंतर ते आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.

इतकी हकीकत कोणीही छापील. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने जे केले ते निराळे होते. त्याने तीन माणसांना तीन भूमिका वाटून दिल्या. एक शीलवान सैनिक पती, एक धनाढ्य विलासी पुरुष आणि एक भुललेली स्त्री. ह्यात खोटे किती हे शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. विशेषणांना शपथ घ्यावी लागत नाही! कमांडर हा त्यांचा हुद्दा होताच, आहुजा सधन होताच. पण एकाला सदैव हुद्द्याने, दुसऱ्याला पैशाने आणि तिसरीला नुसत्या पहिल्या नावाने संबोधीत गेले की निकाल वाचकाच्या मनात आधीच लागतो. मृत मनुष्याला स्वतःची बाजू सांगता येत नाही, ही साधी गोष्ट त्या गोळीतून गाळली गेली. चार आण्यांचा तो अंक दोन रुपयांना विकला जाई, असे सांगतात. आहुजाच्या कमरेचा टॉवेल हा न्यायालयातील महत्त्वाचा पुरावा होता. झटापट झाली असती तर तो जागेवर राहिला असता काय, असा सरकार पक्षाचा सवाल होता. आणि बाहेर रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ व खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हरे’ विकीत होते.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपी निर्दोष ठरविला. न्यायाधीश मेहता यांना तो निर्णय मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे १९६० साली जन्मठेपेची शिक्षा झाली व २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घर सोडल्यापासून गोळ्या झाडीपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते, तेवढा अवधी मन ताब्यात यावयास पुरेसा होता, असे त्या न्यायालयाने म्हटले. तीन तासांचा हा हिशेब मथळ्यात मावणारा नव्हता. ‘ब्लिट्झ’ने माफीसाठी मोहीम चालविली आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने लक्षात घ्यावे असे त्यात आणखी काही आहे. नानावटी पारशी, आहुजा सिंधी. पाहता पाहता दोन व्यक्तींचा खटला दोन समाजांचा झाला. पारशांनी कावसजी जहांगीर हॉलमध्ये सभा भरविली. सिंधी समाज मृताच्या बहिणीच्या पाठीशी उभा राहिला. आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे मला गैर वाटत नाही. परंतु वर्तमानपत्र एका मनुष्याला त्याच्या ज्ञातीचा मासला म्हणून मांडते आणि आपण ते निमूटपणे स्वीकारतो, तेव्हा वर्तमानपत्राचे निम्मे काम आपणच करतो.

हे मी अनुभवाने सांगतो. माझे एक आतेभाऊ एका सहकारी संस्थेत हिशेबनीस होते. संस्थेत अफरातफर उघडकीस आली आणि एका सायंदैनिकाने त्यांचे छायाचित्र छापून वर प्रश्नचिन्हासह मथळा दिला. ते प्रश्नचिन्ह फार सोयीचे असते. आरोपही होतो आणि हात झटकताही येतात. मजकुरात ‘समजते’ आणि ‘म्हणतात’ ह्या दोन क्रियापदांखेरीज आधार नव्हता. आमच्या ज्ञातीचा उल्लेख मात्र स्पष्ट होता. दीड वर्षाने चौकशीत दादा निर्दोष ठरले. ती बातमी त्या पत्राने दिली नाही.

त्या पत्राला मी पुष्कळ दिवस दोष दिला. पण त्या वर्षी ह्याच संघाच्या स्मरणिकेतील आजीव सभासदांच्या यादीतून दादांचे नाव गळले. कोणी ठराव केला नव्हता, कोणी सांगितलेही नव्हते. मुद्रिते मी तपासली होती. ‘तूर्त राहू द्या’ असे कोणीतरी म्हणाले आणि मी ती ओळ खोडली. दादांनी मला त्याबद्दल कधी विचारले नाही. ते संमेलनास येईनासे झाले. वहिनींनी मुलीच्या लग्नाची पत्रिका संघाच्या पत्त्यावर पाठविली नाही, एवढेच.

दादा आज हयात नाहीत. चिटणीसांना माझी विनंती आहे की, यंदाच्या यादीत त्यांचे नाव आजीव सभासद म्हणून, निधनाच्या नोंदीसह, पुनश्च घालावे आणि मधल्या वर्षांत ते का नव्हते, ह्याची एक ओळ माझ्या नावाने खाली छापावी. ती ओळ मी लिहून आणली आहे.